मशीनचं कपाळ

प्रेमदान चौकात सिग्नल लाल झाला, वाल्मिक पठाऱ्यांनी स्कूटर थांबवली, आणि ती बंद पडली असं त्यांना वाटलं. वाटलं असंही म्हणता येणार नाही, कारण वाटायला डोकं लागतं. इथं डोक्याला पत्ता लागायच्या आत त्यांचा उजवा पाय आपणहून उठला, गुडघ्यात दुमडला, सवयीच्या जागी गेला आणि अंगाचं सगळं वजन घेऊन खाली आला. त्या जागी काही नव्हतं. पाय हवेतून थेट डांबरावर आपटला, चप्पल निघून शेजारच्या रिक्षाखाली गेली, आणि साठी ओलांडलेला, इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला एक माणूस भर चौकात, गाडी धडधाकट उभी असताना, हवेला लाथ मारून तिरका झाला. गाडी चालूच होती. ती त्यांच्या मुलीची, निकिताची, विजेवरची स्कूटर होती. थांबली की ती रुसल्यासारखी गप्प होते आणि कान पिळला की काही घडलंच नाही अशी पुढं निघते. शेजारच्या गाडीवरच्या बाईंनी विचारलं, "काका, पायात गोळा आला का?" वाल्मिकराव हो म्हणाले. गोळा आला हे चारचौघांत सांगण्यासारखं कारण होतं. किक शोधत होतो, हे नव्हतं. ज्यानं जन्मभर किकाच बनवल्या त्यानं तर नव्हतंच. रिक्षावाल्यानं पायानंच चप्पल ढकलून दिली. "घ्या मामा. सावकाश."

मनमाड रस्त्याला लागल्यावर टाचेतली कळ हळूहळू पोटरीत चढत गेली. काळ बदलल्याची बातमी डोक्याला केव्हाच पोचली होती, पायाला मात्र कुणी कळवलंच नव्हतं. पारनेरहून पुण्याला टर्नर म्हणून गेलेला पोरगा माघारी येऊन नागापूरच्या एमआयडीसीत प्लॉट घेतो, त्यात यांत्रिक हातोडा बसवतो आणि तापून लाल झालेल्या लोखंडाच्या कांडीला ठोकून ठोकून गुडघ्यासारखा बाक आणतो, याचं त्या काळी नगरात कौतुक झालं होतं. पुण्याच्या गाड्यांच्या कंपनीला त्यांच्या किका जात. पुढं पुढं तर निम्मा महाराष्ट्र सकाळी उठून वाल्मिकरावांच्या मालाला लाथ मारी, आणि लाथेतच बरकत होती. थंडीत गाडी चालू झाली नाही की शिव्याही त्यालाच पडत. त्याबद्दल त्यांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही. मग बटण आलं. बटणाला वाल्मिकराव हसले. पावसात चालायचं नाही, म्हणाले. बटण पावसात चाललं. मग म्हणाले, बॅटरी उतरली की शेवटी किकेच्याच पाया पडणार. कंपनीलाही ते पटलं, आणि तिनं किक राहू दिली, घरातल्या म्हाताऱ्याला राहू देतात तशी: असू दे, कुठं काय मागतोय. मग एका वर्षी नवी गाडी आली तिला किकच नव्हती. त्यांनी कंपनीत फोन केला. तिकडचे साहेब म्हणाले, "गिऱ्हाइकानं विचारलंच नाही हो." हे वाक्य त्यांच्या फार आत गेलं. किक नको, असं कुणी म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. कुणी विचारलंच नाही, याच्याशी भांडायचं कसं?

त्यानंतर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार तेवढा उरला. तिथं त्यांची चीनहून आलेल्या किकेशी गाठ पडली. प्लास्टिकच्या पिशवीत, चकाकती, हाताला हलकी, आणि तिच्या पोटावर शिक्का वाल्मिकरावांचाच. आपली कुणी इतक्या लांबून नक्कल करावी एवढे आपण मोठे झालो, याचा त्यांना आधी आनंदच झाला; भेटेल त्याला ते पिशवी उघडून दाखवत सुटले. आनंद दुपारपर्यंत टिकला. दुपारी बाजारातल्या एका जुन्या दुकानदारानं त्यांचीच खरी किक हातात घेतली, तोलली, आणि विचारलं, "शेठ, ही डुप्लिकेट तर न्हाई ना? लई जड लागतीय." धंदा बदलायला हवा हे काय त्यांना कळत नव्हतं? व्याख्यानंसुद्धा ऐकून झाली होती. पुण्याहून आलेला एक वक्ता उद्योजकांच्या मेळाव्यात 'बदला, नाहीतर संपा' असं तळमळून सांगून गेला होता. तो दर मेळाव्यात तेच आणि तसंच सांगतो, एक शब्द बदलत नाही, असं नंतर समजलं. पण त्याचं चालत होतं.

आज दसऱ्यानंतरचा पहिला कामाचा दिवस, आणि सुप्याकडं नव्यानं आलेल्या एका कंपनीचे जपानी साहेब शॉप बघायला येणार होते. विजेच्या स्कूटरला किक लागत नाही, सायलेन्सर लागत नाही, पण उभी राहायला साइड स्टॅण्ड लागतो. त्या स्टॅण्डची ऑर्डर निकितानं मागं लागून लागून दारापर्यंत आणली होती. गाडी चालू करून देणाऱ्यानं आता ती उभी करून द्यायची. उतारवयाला ते शोभूनही दिसत होतं. ऑर्डर मिळाली तर शॉप चालणार. नाहीतर दिवाळी झाली की शटर ओढायचं, हे बापलेकीत शब्दानं न बोलता ठरलं होतं. निकिता इंजिनिअर होऊन पुण्याला न जाता शॉपमध्ये आली, याचा त्यांना अभिमान होता आणि थोडा धाकही. ती आल्यापासून शॉपमध्ये कॅमेऱ्याचं तपासणी मशीन आलं. स्टॅण्ड त्याच्यासमोर ठेवायचा, मशीन त्याचा फोटो काढतं, माप बरोबर असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल. त्याच्याशी हुज्जत घालता येत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे असं निकिताचं म्हणणं. सकाळी तिनं वडलांच्या जुन्या स्कूटरची किल्ली खुंटीवरून काढून पर्समध्येच टाकली. "नाना, इलेक्ट्रिक गाडीच्या पार्टसाठी माणूस येतोय, आणि मालक धूर सोडत येणार? माझी घ्या. मी कार घेऊन साहेबांना आणायला जाते." नाही म्हणायलाही दम लागतो. तो अलीकडं चहाबरोबरच संपून जाई.

गल्लीत वळलं की हातोडा आधी पायांना कळे, मग कानांना. धप्प. मधे एक श्वास. धप्प. या आवाजावर त्यांची अर्धी झोप अवलंबून होती. रविवारी तो नसे म्हणून रविवारी दुपारी त्यांचा डोळा लागत नसे. हातोड्यावर कारभारी होता, पहिल्या दिवसापासूनचा. त्या आवाजानं त्याचे कान जवळजवळ गेले होते, आणि स्वतःला ऐकू यावं म्हणून तो सगळ्यांशी शिवारातून हाक मारल्यासारखा बोले. वाल्मिकराव आत आले तर तपासणीच्या मशीनभोवती माणसं गोळा झालेली. हिरवट कोटातले बुटके, नीटस नाकामुरासाहेब हात पाठीमागं बांधून उभे. त्यांच्या शेजारी दुभाषी यशोधरा; मूळची तिसगावची, पुण्यात जपानी शिकलेली, फोनवर एकदा बोलणं झालेली. मशीनसमोर स्टुलावर साळूबाई. पूर्वी साळूबाई प्रत्येक किक हातात फिरवून पास-नापास करायची, आता मशीनला माल भरवायची. तिचा चेहरा पडलेला, आणि तिच्या चेहऱ्यावर लाल उजेड.

"नाना, सगळं लाल येतंय," निकिता ओठ न हलवता म्हणाली.

"सगळं?"

"ज्या नमुन्यावरून माप ठरवलं, तो नमुनासुद्धा."

वाल्मिकरावांनी वाकून बघितलं. मशीन पांढरं, गुळगुळीत, त्याला ना खाच ना कोपरा. मधोमध फक्त वाटीएवढी काच. काचेवर बोटभर हळद, तीवर कुंकू, आणि कुंकवात दोन तांदूळ घट्ट वाळून बसलेले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शॉपमधल्या हत्यारांची पूजा झाली होती.

"साळूबाई, हे कुणी लावलं?"

"मीच की. तुमीच म्हनला हुता, एकबी मशीन बिनकुंकवाचं ठिवू नका. ड्रिलला लावलं, ग्राइंडरला लावलं, हातोड्याला तर तुमच्या हातानं लागलं. ह्याला कपाळच घावंना. निस्तं पांढरं डबडं. मंग ही काच दिसली. म्हनलं, हेच आसंल."

"मावशी, तो त्याचा डोळा आहे," निकिता म्हणाली.

"मला काय ठावं? कपाळाच्या जागी डोळा ठिवलाय त्यांनी, आन बोल मला."

निकितानं फडकं उचललं. साळूबाईनं तिचं मनगट धरलं. "नका ताई. पूजेचं कुंकू पुसत नसत्यात. काम करून करून आपसूक जाईल तवा जाईल." ड्रिलवरची माणसं हळूच मागं सरकली, म्हणजे पुसायला आपल्याला सांगू नये. हा नियम शॉपचाच होता आणि वाल्मिकरावांनीच घातलेला. हातोड्यावरचं पहिलं कुंकू त्यांनी दिवाळीपर्यंत पुसू दिलं नव्हतं. निकिता फडकं घेऊन तशीच उभी राहिली. थर्मोडायनॅमिक्स तिला पुस्तकातून शिकवलं होतं, पूजेचं कुंकू पुसायचं नसतं हे कुणी न शिकवता येत होतं. तेवढ्यात नाकामुरासाहेब काचेजवळ आले, कुंकू बघून मनापासून हसले, आणि त्यांनी मशीनला कमरेत वाकून नमस्कार केला. मग यशोधराशी सावकाश काहीतरी बोलले.

"काका, साहेब म्हणतात, त्यांच्याकडंही नव्या मशीनची पूजा असते," यशोधरानं सांगितलं. "तुमचा सण आहे, पुसायची घाई नको. पाहिजे तर ते पुढच्या महिन्यात परत येतील, तेव्हा तपासणी करू." मग आवाज खाली आणून, स्वतःच्या पदरचं, "म्हणजे आजचं टाळायचं असलं तर टळतंय. बघा."

टळतंय. हा शब्द वाल्मिकरावांच्या अंगावरून थंड पाण्याच्या फडक्यासारखा फिरला. कारण निकिताला जे ठाऊक नव्हतं, ते त्यांना ठाऊक होतं. नवमीला, पूजा आटपून सगळे प्रसाद खात असताना, त्यांनी चार स्टॅण्ड हातात घेतले होते. दोन सारखे नव्हते. हातोड्याखालचा साचा झिजला होता, हातोडाही जरा एका अंगाला कलायला लागला होता, आणि किकेला चालून जाणारा फरक या स्टॅण्डला चालणारा नव्हता. काच पुसली तर दिवा मग कुंकवामुळं लाल येणार नाही. खराच लाल येईल. आणि काच पुसलीच नाही, तर एक महिना. महिनाभर कुणी विचारलं तर सांगायला किती छान कारण: कुंकू लागलं होतं. त्यात कुणाचा दोष नाही, उलट थोडं पुण्यच आहे. त्यांच्या लक्षात आलं की आपला सगळा धंदा अशाच महिन्यांवर चालत आला. बटण पावसात चालणार नाही, तो एक महिना. बॅटरी उतरेल, तो एक. चीनचा माल टिकत नाही, लोक परत येतील, तो तर फार लांबलेला महिना. प्रत्येक वेळी काचेवर काहीतरी लावलेलं होतं आणि प्रत्येक वेळी आपणच म्हणालो, पुसू नका. अंगठा काचेपाशी गेला आणि थांबला. त्यांना पारनेरचं घर दिसलं, ओट्यावर बसवलेली आई. वडील गेले त्या सकाळी गल्लीतल्या एका म्हातारीनं लंकाबाईच्या, म्हणजे त्यांच्या आईच्या कपाळावरचं कुंकू असंच अंगठ्यानं पुसलं होतं. पुसताना ते आधी पसरलं, भुवईपर्यंत गेलं, आणि आई, कपाळ दुसऱ्याच कुणाचं असावं तशी, समोर बघत बसून राहिली. रडायचं सगळ्या बायकांचं झाल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला: बैलांना पाणी दावलं का? तेव्हा त्यांना आईचा राग आला होता. इतक्या लवकर बैल कसे सुचतात माणसाला? आज वाटलं, तिला सुचले नसतील. ते तहानलेले होते, एवढंच.

त्यांनी अंगठ्याला थुंकी लावली आणि काच पुसली. कुंकू आधी पसरलं. मग सदऱ्याच्या टोकानं पुसलं. साळूबाईनं तोंड फिरवलं. इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यावर, बरोबर पोटाशी, लाल डाग उमटला, आणि नाकामुरासाहेबांनी तो न बघितल्यासारखं केलं. त्या बाबतीत जपानी आणि आपण सारखेच. "लाव, साळूबाई," वाल्मिकराव म्हणाले.

नमुना हिरवा आला. निकितानं श्वास सोडला. पुढचा तुकडा लाल. मग एक हिरवा. मग लाल, आणि पुन्हा लाल. निकितानं वडलांकडं बघितलं, आणि तिला कळलं की त्यांना हे ठाऊक होतं. तिनं फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. नाकामुरासाहेब मात्र दिव्याकडं बघतच नव्हते, पडद्यावरच्या फोटोकडं बघत होते. धप्प झालं की फोटोतली स्टॅण्डची कड पाण्यातल्यासारखी थरथरायची. ते यशोधराशी बोलले.

"काका, साहेब विचारतात, त्याला जरा थांबवता येईल का?"

"कुणाला?"

यशोधरानं हनुवटीनं हातोडा दाखवला.

वाल्मिकरावांनी हात वर केला. कारभारीनं तो बघितला, विश्वास न बसून पुन्हा बघितला, आणि खटका खाली ओढला. हातोडा एकदा अर्ध्यात येऊन अधांतरी थांबला. साळूबाई तुकडे लावत गेली. आता लालांतले काही हिरवे झाले. काही लाल ते लालच राहिले. नाकामुरासाहेबांनी लाल तुकडे एका रांगेत मांडले, भोकांवरून बोट फिरवलं, पॉलिश उजेडात धरून बघितलं, आणि मग बराच वेळ, एका सुरात, कुणाला लागू नये अशा बेतानं बोलले. यशोधरानं ऐकून घेतलं, आणि ते नटवत-सजवत न बसता सांगून टाकलं.

"ते म्हणतात, तुमचं ड्रिलिंग चांगलंय, घासकाम चांगलंय, माणसं चांगली आहेत. ठोकून आलेला आकार चालणार नाही. तो आकार तयार होऊन व्हिएतनामहून बोटीनं येईल. तुम्ही भोक पाडायचं, घासायचं, स्प्रिंग बसवायची, या मशीनवर तपासायचं. एवढी ऑर्डर ते देतात. पण या छपराखाली हातोडा नको. त्याच्यानं मशीनला नीट दिसत नाही."

"नाना, तुम्ही सांगा," निकिता म्हणाली. तिचा आवाज लहानपणी पैसे मागतानाचा होता.

सांगण्यासारखं त्यांच्या मनात पुष्कळ होतं. ज्याला आकार देता येतो त्यानं दुसऱ्याच्या आकाराला भोकं पाडायची, हे. समुद्रापलीकडं कुणीतरी दुसरा वाल्मिक आज एक नवा हातोडा बसवून त्याला कुंकवासारखं त्यांच्यातलं काहीतरी लावत असेल, आणि त्याच्या पायालाही एक दिवस कुणी कळवणार नाही, हेही. पण हे सगळं बोलायला उभं राहावं लागलं असतं, आणि त्यांची टाच दुखत होती. ते साळूबाईच्या शेजारचं रिकामं खोकं ओढून बसले. "हो म्हणावं त्यांना," ते म्हणाले. इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"काय म्हनत्यात?" कारभारी ओरडला. आवाज नसलेल्या शॉपमध्ये ते असं आदळलं की नाकामुरासाहेब दचकले.

"हातोडा बंद म्हणतात," वाल्मिकराव म्हणाले.

"जेवायला?"

"कायमचा."

कारभारी हात पुसत जवळ आला. जपान्याकडं, मशीनकडं, साळूबाईकडं पाळीपाळीनं बघून म्हणाला, "मंग मला काय फोटू काढाया बसिवता व्हय?"

"कारभारीकाका, तुम्हाला ड्रिलवर घेऊ," निकिता म्हणाली. "शिकवते मी."

"ड्रिल? ती दाढ कोरल्यावानी कुरकुर? मला तर ती ऐकायबी येत न्हाई."

"मग बरंच आहे की," वाल्मिकराव म्हणाले. "आम्हाला सगळ्यांना ऐकावी लागते."

कारभारी मोठ्यानं हसला, लागोपाठ हसला, आणि अचानक थांबला. आपलं हसणं इतकं मोठं आहे हे त्याला भिंतींकडून समजलं असावं. मग तो माघारी जाऊन हातोड्याच्या अंगाला पाठ टेकून बसला. लोखंड अजून गरम होतं. निकिता साहेबांना ड्रिलच्या रांगेकडं घेऊन गेली, आणि जाता जाता तिनं वडलांच्या खांद्यावर हात ठेवला, तो लगेच उचललाही; त्या घरात एवढंच चालत असे. वाल्मिकराव बसून राहिले. पत्र्यावर कावळ्याचे पाय वाजत होते. मागच्या मोरीत नळ ठिबकत होता, तो केव्हापासून ठिबकत होता कोण जाणे. सगळं इतकं स्पष्ट ऐकू येत होतं की थकवासुद्धा ऐकू येईल असं वाटलं. पाळी चालू असताना हा हातोडा यापूर्वी एकदाच थांबला होता, त्यांची बायको गेली तेव्हा. या गल्लीत कुणी गेलं की मशिनं थांबवायची, आणि मशीन थांबलं की शेजारच्यानं काही न विचारता यायचं, अशी रीत होती. त्या दिवशी दवाखान्यातून ते शॉपवर पोचायच्या आधी दारात माणसं जमली होती.

शटरपाशी सावली पडली. पलीकडच्या प्लॉटमधला लेथवाला रामहरी, त्याची दोन माणसं मागं, दारातच थबकलेला. त्यानं आतला शांतपणा बघितला, खोक्यावर बसलेले वाल्मिकराव बघितले, त्यांच्या सदऱ्यावरचा लाल डाग बघितला, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"शेठ," तो हळू म्हणाला, "कोन गेलं वो?"

"कुणी नाही, रामहरी," वाल्मिकराव म्हणाले. "ऑर्डर मिळाली."

रामहरीनं मान हलवली, पण टोपी परत घालावी की तशीच धरावी, ते त्याला कळेना.